वकिलापुढे सांगितलेलं गोत्र

खटला जिंकला तर दिनानाथ गुरुजींना काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या दोन खोल्या परत मिळणार होत्या. म्हणजे देशावरून येणाऱ्या यजमानांची उतरायची सोय, आणि गल्लीत वट. हरले तर तिथं राहणारा विश्वेश्वर कायमचा मालक. त्याचं म्हणणं सरळ होतं: पंचवीस वर्षं ताबा आमचा, तेव्हा खोल्या आमच्या.

गुरुजींची वकील मृणालिनी, गल्लीतलीच मुलगी. कचहरीत, म्हणजे कोर्टात, नवी, पण चोख. अशील म्हणून गुरुजी नमुनेदार. तारखेला वेळेआधी हजर, वर प्रसादाचे पेढे. खोड एकच. पत्रिकेतलं वाईट यजमानाला सांगायचं नाही, ही धंद्यातली सवय त्यांनी वकिलापुढेही चालवली. वडिलांची एक जुनी वही कपाटाच्या तळाशीच राहिली.

साक्षीच्या आदल्या दिवशी मृणालिनीनं विचारलं, "गुरुजी, काही राहिलंय?"

"छे गं, सगळं दिलं की."

"पिंडदानाला बसलेला यजमान गोत्रच सांगेना, तर काय करता?"

"उठवतो त्याला. संकल्प काय हवेत सोडू?"

"कचहरीत पुरोहित मी, यजमान तुम्ही. सांगा गोत्र, नाहीतर उठा."

"वकील झालीस की फौजदार?" असं पुटपुटत गुरुजी घरी गेले आणि वही घेऊन आले.

वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: काशीनाथ व पत्नी अन्नपूर्णा यांनी हयातभर बिनभाड्यानं राहावं. खाली काशीनाथची सही. हा विश्वेश्वरचा बाप, वारला होता. आई मात्र होती.

"बुडालो ना मी?"

"तरलात! परवानगीनं राहणारा मालक होत नाही. पण अन्नपूर्णाकाकू आहेत तोवर त्यांना हलवता येणार नाही. चालेल?"

गुरुजींनी वहीवरची धूळ उपरण्यानं पुसली. "वडिलांचा शब्द आहे. न चालून कसं?"

दुसऱ्या दिवशी मृणालिनीनं आपणहून वही पुढे ठेवली. विरुद्ध वकिलानं तिरकस विचारलं, "पंडितजी, और क्या-क्या छिपाया है?"

"हमारी वकील साहिबा से पूछिए," गुरुजी छाती काढून म्हणाले, "उनसे कुछ नहीं छिपा."

निकाल लागला तो १९९५ साल उजाडल्यावर. खोल्या गुरुजींच्या, अन्नपूर्णाबाई जिवंत असेपर्यंत तिथंच. दाव्याचा खर्च विश्वेश्वरनं भरला. गुरुजींचे यजमान अजून धर्मशाळेत उतरतात, आणि खोल्या मिळायला उशीर का म्हणून विचारलं की ते ताठ मानेनं वहीतलं ते पान वाचून दाखवतात. शब्द वडिलांनी दिला होता. पाळला तो गुरुजींनी.