वगैरेचा डबा

आमच्या वन्सं वाचनालय सांभाळतात. तिथं पाच जुने संगणक आहेत आणि त्यांवर मी लिहिलेला, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. हे मी कुठं शिकायला गेले नाही. लोकांचे कोड वाचत, चुकत-माकत जमवलं. माझे पहिले श्रोते म्हणजे तिथं रोज येणारे म्हातारे मास्तर. त्यांना दिसत नाही. त्यांना मानवणारा संथ वेग मी एका फाइलीत लिहिला आणि कौतुकानं फोल्डरला नाव दिलं ‘मास्तर’.

तिथंच घोडं पेंड खायला लागलं. तीन संगणकांवर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, उरलेल्या दोन्हींवर दुसरी. दुसरी बनवणारी मंडळी भलती शिस्तीची. ठरलेल्या जागेबाहेरचं फोल्डर दिसलं, की प्रोग्रॅमचं पॅकेज, म्हणजे संगणकावर चढवायचं गाठोडं, मी बांधतानाच त्यांची अवजारं ते गाळून टाकतात. मग तिथं माझा प्रोग्रॅम पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाचायचा.

काल मास्तर नेमके त्या दोहोंतल्या एकापाशी बसले आणि पाच मिनिटांत उठले. म्हणाले, “कुठल्या खुर्चीत बसलो त्यावर वाचन ठरणार असेल, तर मी घरीच बरा. उद्या वाचनालयाचं कार्ड परत देतो.”

आज सकाळी वन्सं माझ्या लॅपटॉपशेजारी ठाण मांडून बसल्या.

“चारला येतील ते. तोवर काय ते करा, वहिनी.”

“दोन्हीकडच्यांनी मिळून जागा ठरवलीय. सेटिंग सगळी ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये.”

“म्हणजे?”

“म्हणजे वगैरे. हसू नका. मास्तरांचा वेग काय वगैरेत टाकू? अडगळीत?”

“आईचा डबा विसरलात?”

विसरेन कशी? सासूबाईंच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यावर चिठ्ठी होती, ‘वगैरे’. आत जास्तीच्या किल्ल्या, सुईदोरा, त्यांच्या गोळ्यांची यादी. नवी नवरी असताना मी त्या नावाला नाक मुरडलं होतं.

“आईला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी यादी मागितली. शोधाशोध झाली?”

“नाही. ह्यांनी सरळ डबाच उचलून आणला.”

“मग? नाव काही का असेना, सगळ्यांना जागा ठाऊक होती ना?”

मी ‘मास्तर’ फोल्डर पुसलं. जिवावर आलं, पण पुसलं. फाइल ठरल्या जागी ठेवली, दोन्ही पॅकेजं नव्यानं बांधली आणि वाचनालयात जाऊन पाचही संगणकांवर चढवली.

चारला मास्तर आले, कार्ड हातातच. वन्संनी त्यांना मुद्दाम पाचव्या संगणकापाशी नेलं. “कार्ड घेते, पण आधी एक पान ऐका.”

पान संपलं. त्यांनी बोटानं चाचपत दुसरं लावलं.

“बाई, आज ह्याला घाई नाही?”

“तुमचा वेग सापडला त्याला,” वन्सं म्हणाल्या.

“होता कुठं?”

“वगैरेत,” मी चाचरत म्हटलं.

“बरोबर आहे. वय झालं की सगळे आम्हाला तिथंच धरतात.”

आणि कार्ड खिशात सारून त्यांनी तिसरं पान लावलं.