कोटाच्या आतलं फ्रेंच

सुनेची भाषा फ्रेंच, माझी मराठी, आणि मधे दुभाष्या माझा मुलगा. मी पाच मिनिटं मन लावून बोलायचे, हा दोन शब्दांत उरकायचा. "एवढंच सांगितलंस?" म्हटलं की, "सारांश सांगितला, आई." जन्मात मी कुणाशी सारांशाने बोललेली नाही, माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा.

सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा मी म्हटलं, बाळंतपणाला येते.

"मी दिवसभर कामावर असणार," मुलगा म्हणाला. "तिला दुखलंखुपलं तर तुला कळणार कसं? तुम्ही दोघी बोलणार काय? महिनाअखेरीस बघू."

लहानपणी अभ्यासाचं विचारलं की हाच 'बघू' यायचा. माझं डोकंच फिरलं. पण खोटं तरी काय बोलला होता?

माझ्या शिलाईच्या दुकानासमोर चष्मेवाल्याचं दुकान आहे. सुनेच्या देशात बारा वर्षं काढून आलेला माणूस. तो पँटची कंबर आवळून घ्यायला आला, तसा मी त्याला फ्रेंच शिकवायला धरला.

"किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

"वीस."

"मग सगळी फ्रेंच राहू द्या. जे आता घडू घातलंय, तेवढंच बोलायला शिका. 'जाणे'ची सहा रूपं पाठ करा, पुढे हवं ते क्रियापद आहे तसं ठेवून द्या. 'ज व्हे' म्हणजे मी जाते. 'कूद्र' म्हणजे शिवणे. ज व्हे कूद्र, मी आता शिवणार आहे."

"शिवायला जायचं कशाला? मी मशीनवरच बसलेय की."

"ते लोक बसल्या जागी जातात, ताई."

मला मोठी मौज वाटली. दिवसभर तोच चाळा लागला. गिऱ्हाईक आरशात दंड वळवून बघायला लागलं की मनात म्हणायचे, ही आता बाही सैल करून मागणार. दोरा कुरकुरला की, हा आता तुटणार. कापडाला कात्री लावण्याआधी ते अंगावर कसं पडणार, हे ओळखण्यातच माझी हयात गेली. हा काळ माझ्या चांगल्याच ओळखीचा निघाला. पण लोक 'जाऊन' शिवतात, 'जाऊन' झोपतात, हे काही केल्या मनातून जाईना. नेमके जातात तरी कुठे?

त्याच दिवसांत सुनेसाठी कोट शिवत होते. पोट वाढणार, म्हणून बाजूच्या शिवणींत चांगली तीन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडली होती. पुढे घट्ट झाला तर अस्तर उसवायचं, शिवण बाहेर सरकवायची. वही शोधायला उठायचा मला कंटाळा, आणि खडू तर हातातच असायचा. चष्मेवाला समोरून ओरडून वाक्य सांगायचा, मी ते त्या मायेवर आपल्या अक्षरांत उतरवायचे.

"सून तुम्हाला 'त्यु', म्हणजे तू, म्हणणार नाही हं," त्याने एकदा बजावलं. "मोठ्यांना 'व्हू', म्हणजे तुम्ही. 'व्हू झाले' म्हणजे तुम्ही जाता."

रोजचा खडू संपला होता, म्हणून मेणाचा घेतला होता. तो झटकून जात नाही, आधी कडेला लावून बघा, असं मी शिकायला येणाऱ्या बायकांना घसा फोडून सांगत आलेय. आणि स्वतः मात्र तशीच अस्तर लावून, टीप मारून, कोट पाठवून मोकळी झाले.

महिनाअखेरीस व्हिडिओ कॉलवर मुलाने फोन सुनेच्या हातात दिला. गोल झालेला चेहरा, मोठे डोळे, वाट बघतेय. मी तोंड उघडलं आणि माझी दातखीळ बसली. "ज व्हे… ज व्हे…" पुढे काही सुचेच ना. मी जातेय, मी जातेय, आणि जागची हलत नाही.

"असू दे, आई," मुलगा म्हणाला. "इथे नर्स येते रोज. तू नको दगदग करूस."

त्या दिवशी मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. चष्मेवाल्याने खिडकीतून विचारलं, "काय झालं?" मी शटर अर्धं ओढून घेतलं. रडताना लोकांनी बघितलेलं मला खपत नाही.

दहा-बारा दिवसांनी मुलाचा पुन्हा व्हिडिओ कॉल आला. "आई, कोट घट्ट झाला म्हणून हिने अस्तर उसवलं. आत काहीतरी खरडलंयस. अक्षरं आपली आहेत, पण अर्थ लागत नाही."

कोटाच्या आत खडू राहिला! चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"मोठ्याने वाच," मी म्हटलं.

"त्यु… व्हा… दॉर्मीर," त्याने पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावलं. मागे कात्री घेऊन बसलेल्या सुनेने मान वर केली. तू झोपणार आहेस, असं होतं ते.

"इल व्हा फेर ला व्हेसेल." तो भांडी घासणार आहे. सून खो खो हसायला लागली आणि नवऱ्याकडे बोट दाखवू लागली. तोवर त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला होता.

"पुढे वाच. सारांश नको."

"नू झालों पार्ले." आपण बोलणार आहोत. आता सून हसत नव्हती. तिने त्याच्या हातातून कोट ओढला, ती न कळणारी अक्षरं बोटाने चाचपली आणि शिवणीच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे एकच ओळ उरली होती.

"ज व्हे व्हनीर," त्याने वाचलं. मी येणार आहे.

सुनेने त्याच्या हातातला फोन घेतला, अगदी तोंडाजवळ धरला, आणि माझ्याकडे बघत सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "व्हू झाले व्हनीर."

"आई, ती म्हणतेय की…" मुलगा मागून बोलायला लागला.

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मला समजलंय."