जप्त केलेली उशी

निरीक्षकसाहेबांनी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही दुकानदारावर विश्वास ठेवला नाही. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळाला मेण ओतलेलं माप, वजन करताना काट्यावर सहज टेकलेला अंगठा, हे सगळं त्यांना दुकानाच्या दारातूनच दिसत असे. निवृत्तीनंतरही कोणी चहा दिला, की ते आधी कप किती मिलिलिटरचा असावा याचा अंदाज घेत आणि मग यजमानांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत.

अशा माणसाचा उजवा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन झकास झालं. सर्जननी एक्स-रे उजेडात धरून नवा सांधा दाखवला, "माझं काम संपलं, आता पुढचं फिजिओथेरपीचं," असं म्हणाले आणि सर्जन जसे जातात तसे गेले.

पुढचं म्हणजे जिना. साहेबांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि पायऱ्या चोपन्न होत्या. (दुसऱ्या मजल्यानंतरच्या पायऱ्या अर्ध्या सेंटिमीटरने उंच आहेत, हे त्यांनी इमारतीच्या समितीला तीनदा लेखी कळवलं होतं.) पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा हॉस्पिटलातून त्यांना थेट मुलीच्या तळमजल्यावरच्या घरी आणण्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी मुलीने निकाल सुनावला.

"बाबा, सहा आठवडे. फिजिओथेरपिस्ट म्हणाली की जिना जमतोय, तर तुमचं घर तुम्हाला लखलाभ. नाही म्हणाली, तर ते घर विकायचं आणि तुम्ही कायमचं इथे. नोकरी सांभाळून रोज तिथे धावायला मला काय पंख आहेत?"

"शिवाय इथे आमच्या बाबांची सोबत आहेच," जावई म्हणाले. जावई मनाने फार चांगले होते.

ही सोबत म्हणजेच खरी अडचण होती.

व्याही तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचत होते. ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. सकाळी सात वाजता ते वर्तमानपत्र उघडत, घसा साफ करत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या निविदा सूचनांपर्यंत सगळं मोठ्याने वाचत. मुलगा त्या वेळी दाढीला जाई आणि पाऊण तास बाहेर येत नसे. सून डबे भरत असताना मुद्दाम मिक्सर लावी. गेली दोन वर्षं व्याही खुर्च्यांना बातम्या ऐकवत होते. आणि आता घरात एक असा श्रोता आला होता, ज्याला उठता येत नव्हतं.

व्याह्यांनी त्यांना अगदी तळहातावर झेललं. साहेबांनी ग्लासकडे नुसतं पाहिलं की पाणी हजर. चष्मा, रिमोट, औषधं, टॉवेल, सगळं हाताशी. दुखऱ्या गुडघ्याखाली त्यांनी स्वतःच्या अंथरुणातली मऊ उशी आणून ठेवली. साहेबांना उशी फार आवडली. उशीच्या बदल्यात निविदा सूचना ऐकायच्या, हा व्यवहार मात्र त्यांना महाग वाटत होता.

आठव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. तिशीची, कापडी बूट घातलेली, हातात एकच छोटी पिशवी. साहेबांना मोठ्या यंत्राची अपेक्षा होती.

"मशीन कुठंय?"

"कसलं मशीन, काका?"

"काहीतरी लावतात ना. करंट वगैरे. नाहीतर तेल तरी."

"मशीन तुम्ही. मी फक्त चालू करून देणार." तिने पिशवीतून दोन पट्ट्या आणि मधे चकती असलेला कोनमापक काढला. "बघू, गुडघा किती वाकतो."

साहेबांनी कोनमापक हातात मागून घेतला, उलटासुलटा केला, बिजागरी ढिली आहे का ते पाहिलं.

"शेवटची तपासणी कधी झाली होती याची?"

"काका, हे प्लास्टिकचं आहे."

"चोर मापं बहुतेक प्लास्टिकचीच असतात, मॅडम."

गुडघा साठ अंश वाकत होता आणि पूर्ण सरळ व्हायला पंधरा अंश कमी पडत होता. जिन्यासाठी शंभराच्या वर हवं, आणि सरळ तर पूर्ण हवा, असं तिने सांगितलं. मग तिने पाच व्यायाम शिकवले. टाच ओढत पाय जवळ घ्यायचा; गुडघा गादीत दाबून मांडी आवळायची; पाय सरळ उचलायचा; खुर्चीत बसून पाय मागे वाकवायचा; आणि दर तासाला उठून चालायचं. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्याचा तक्ता तिने भिंतीला चिकटवला. केलं की टिक.

पहिल्यांदा टाच ओढताना साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो व्याह्यांनी तीस वर्षांत एकदाही प्रसारित केला नव्हता.

"अहो, कशाला हाल करून घेता जिवाचे?" ती गेल्यावर व्याही म्हणाले. "नवा सांधा आहे. मुरू द्या की. मी आकडे मोजतो, तुम्ही पडून राहा."

आणि खरोखरच दिवसातून तीनदा व्याही खणखणीत आवाजात एक ते दहा मोजू लागले. स्वयंपाकघरातून मुलीला वाटे, बाबा काय मेहनत घेतायत! आत साहेब उशीवर पाय ठेवून छताकडे बघत असत. मोजून झालं की टिक. तक्ता कसा भरगच्च दिसू लागला.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने पुन्हा कोनमापक लावला. सहापैकी तीन आठवडे गेले होते, आणि मुलीने काल सहज म्हणून एका दलालाला फोन केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी खुर्चीत बसून गुडघा वाकवला. वाकता वाकता त्यांचं बूड हळूच पुढे सरकलं, कंबर एका बाजूने उचलली गेली आणि पाऊल बघता बघता चांगलं मागे गेलं.

तिने एक हात त्यांच्या कमरेवर ठेवला आणि हलकेच खाली दाबला. पाऊल होतं तिथे परत आलं.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

तिने तो आकडा वहीत लिहिला.

"काका, तुमच्या नोकरीत असे दुकानदार भेटायचे का हो? वजन करताना काट्यावर अंगठा ठेवणारे?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे तक्ता होता, म्हणून त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"आणि हा तक्ता," ती पुढे म्हणाली, "यात उद्याची पण टिक आहे."

चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी दुकानदारांना अशाच एखाद्या फालतू चुकीवरून रंगेहाथ पकडलं होतं. पकडल्यावर माणूस आधी खोटं हसतो, मग पाणी मागतो, हे त्यांना पाठ होतं. ते खोटं हसले. मग म्हणाले, "जरा पाणी मिळेल?"

व्याही धावले.

"थांबा!" फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "पाणी कोण आणतं रोज?"

"मी," व्याही अभिमानाने म्हणाले. "यांना बोट उचलू देत नाही."

"आणि ही उशी?"

"माझीच. सकाळ-संध्याकाळ फुगवून ठेवतो."

तिने उशी पलंगावरून उचलली आणि काखेत मारली. "ही जप्त. अहो, गुडघा वाकलेल्या जागी आरामात पडून राहिला, की मागचे स्नायू तसेच आखडतात. मग तो सरळ होत नाही. सर्जननी सांधा बदललाय, काका, पण तुमच्या मांडीला कोणी ते सांगितलेलं नाही. तिला वाटतंय जुनंच दुखणं चालू आहे, म्हणून ती संपावर आहे. तिला रोज थोडं थोडं पटवायचं, यालाच फिजिओथेरपी म्हणतात. दुखेल. पण ताण बसून दुखणं वेगळं आणि इजा होऊन दुखणं वेगळं. तो फरक ओळखायला मी आहे. बाकीचं माझ्याने होणार नाही. मी इथे आठवड्यातून दोन तास असते, उरलेले तास तुमचे आहेत."

ती चपला-बुटांच्या कपाटाशी पोचली तेव्हा व्याही मागोमाग आले. हातात वर्तमानपत्राची सुरळी होती.

"मॅडम, त्यांचा गुडघा खरंच बरा होईल?"

"होईल की."

"म्हणजे ते जातील."

"जावं म्हणूनच तर चाललंय सगळं."

"हो, हो. छानच." व्याह्यांनी सुरळी आणखी घट्ट केली. "नाही, ते काय आहे... निविदा सूचना ते पूर्ण ऐकतात. मधे एकदा तर मुदत कधी संपते म्हणून विचारलं होतं त्यांनी."

बूट घालता घालता ती थांबली. या घरात आखडलेल्या गोष्टी दोन आहेत, हे तिच्या लक्षात आलं. ती त्यांच्या कानाशी हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता व्याही साहेबांच्या पलंगाशी उभे राहिले.

"नमस्कार. पेट्रोलपंपावर छापा. गिऱ्हाइकांना दर खेपेला कमी पेट्रोल मिळत असल्याच्या तक्रारीवरून अधिकाऱ्यांनी पंपाचं यंत्र उघडलं. आतलं दृश्य पाहून अधिकारीही चक्रावले. यंत्राच्या आत चक्क—"

आणि ते वाचता वाचता स्वयंपाकघरात निघून गेले.

"यंत्राच्या आत काय?" साहेब ओरडले.

स्वयंपाकघरातून गुणगुणल्यासारखा आवाज आला. शब्द कळेनात.

"अहो व्याहीबुवा! चिप होती की झडप? मोठ्याने वाचा की!"

"बातम्यांचं केंद्र इकडे हललंय!" आतून उत्तर आलं. "श्रोत्यांनी नोंद घ्यावी!"

साहेबांनी दोन मिनिटं दम धरला. मग काठी घेतली. स्वयंपाकघरापर्यंत त्यांना एकवीस पावलं लागली. ते ओट्याशी पोचले, तेव्हा व्याही मागच्या दारातून गॅलरीत निघाले होते.

"नालायक माणूस!" साहेब म्हणाले आणि मागे निघाले. (झडप होती.)

तेव्हापासून व्याही आकडे मोजत ते पाय हलल्यावरच. "आठ... श्रोतेहो, तांत्रिक अडचणीमुळे नऊ येण्यास विलंब होत आहे... नऊ!" साहेब दात-ओठ खात, व्याह्यांच्या आवाजाचा, रेडिओचा आणि रेडिओ शोधणाऱ्याचा उद्धार करत, पण टाच ओढत. टिक करायचं काम त्यांनी मुलीवर सोपवलं, कारण आरोपीच्या हाती नोंदवही देत नसतात. चौथ्या आठवड्यात ऐंशी झालं, पाचव्यात अठ्ठ्याण्णव. मधल्या तीन दिवसांत गुडघा सुजला आणि एक अंशही पुढे सरकला नाही. तेव्हा साहेबांनी मुलीला दलालाचं नाव स्वतःहून विचारलं. फिजिओथेरपिस्टने बर्फ लावायला सांगितला, व्यायाम थोडे कमी केले आणि दलालाचं नाव विसरायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात एकशे आठ झालं आणि पाय पट्टीसारखा सरळ. साहेबांनी कोनमापक स्वतः वाचला. दोनदा.

परीक्षेच्या दिवशी चौघं साहेबांच्या इमारतीत जमले.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "एक हात कठड्याला, एक हात काठीला. घाई नाही."

साहेब चढू लागले. मागोमाग व्याही. "आणि पहिली पायरी सर! मैदानावर उत्साहाचं वातावरण! सहा... सात..." पहिल्या मजल्यापर्यंत ते जोरात होते. सव्विसाव्या पायरीला आवाज जरा फाटला. छत्तिसाव्या पायरीला, दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्याशी, तो अचानक बंद पडला.

सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. साहेबांनी दचकून मागे पाहिलं. व्याही भिंतीला टेकून डावा गुडघा चोळत होते.

"काय झालं?"

"काही नाही. दोन वर्षं झाली. बातमी देण्यासारखं नव्हतं."

फिजिओथेरपिस्टने तिथेच पिशवीतून कोनमापक काढला.

"मांडीत ताकदच नाही हो तुमच्या," ती म्हणाली. "खुर्चीत बसून वाचता ना दिवसभर? ऑपरेशन वगैरे काही नको, व्यायाम लागतील. सध्या जिना एवढाच, दुसऱ्या मजल्यापर्यंत, तोही कठडा धरून. वरचा मजला मी सांगेन तेव्हा. काका, तुम्ही चढा."

शेवटच्या अठरा पायऱ्या साहेब कोणाच्याही मोजणीशिवाय चढले. अर्धा सेंटिमीटर उंच होत्याच त्या. वर पोचून त्यांनी कुलूप काढलं. मुलगी मागोमाग आली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि डोळे पुसून म्हणाली, "दलालाला फोन करून नाही म्हणून टाकते."

साहेब आपल्या खुर्चीत बसले. घर जागच्या जागी होतं. घड्याळ बंद पडलं होतं. दीड महिना ज्या शांततेसाठी त्यांनी टाचा घासल्या होत्या, ती सगळीच्या सगळी तिथे त्यांची वाट बघत होती. त्यांनी ती पाच मिनिटं ऐकली. माप बरोबर होतं, तरी काहीतरी कमी भरत होतं.

तेवढ्यात खालून, जिन्याच्या पोकळीतून घुमत, खणखणीत आवाज आला. दम परत आला होता.

"नमस्कार. धान्याच्या गोदामातल्या मोठ्या काट्याबाबत धक्कादायक माहिती. चौकशी समितीने काटा मुळापासून उखडला असता त्याखाली—"

आवाज थांबला.

साहेबांनी कान टवकारले. मग त्यांनी दारातून वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर व्याही वर्तमानपत्राची घडी घालत होते, अगदी सावकाश. शेजारी फिजिओथेरपिस्ट कठड्याला टेकून उभी होती.

"काका," ती वर बघून म्हणाली, "तुमची उतरण्याची परीक्षा राहिलीच आहे."

"पुढे काय सापडलं, ते आधी मोठ्याने वाचा!" साहेब गरजले.

व्याह्यांनी वर्तमानपत्र आणखी एकदा दुमडलं.

"नालायक माणूस," साहेब पुटपुटले. त्यांनी काठी घेतली, कठडा धरला आणि पाय खाली टाकला. दुखरा आधी.