यादीतल्या नद्या

विनया यादी वाचता वाचता तिसऱ्याच नावावर थांबली. कृष्णा, कोयना, वारणा. पुढे भीमा, नीरा, इंद्रायणी. गाझियाबादच्या एका वस्तीतल्या वीस बायका, आणि वीसच्या वीस आपल्याकडच्या नद्या?

क्षयावरचं तिचं संशोधन दोन वर्षं चालू होतं. आता सरकारच्या प्रोत्साहन निधीतून त्याला वाढीव अनुदान आलं होतं. अट एकच, नवं काही काढायचं नाही, आहे तेच वाढवायचं. म्हणून या वीस जणी वाढवल्या. त्या खऱ्या आहेत, अशी सही विनयाला संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

"प्रभाताई, ही यादी बसल्या जागी केलीत ना?"

रक्ताचे नमुने गोळा करायला वस्तीत प्रभाताई जायच्या. मूळच्या परभणीच्या. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "बसल्या जागी पाय सुजले नसते, मॅडम. खरी नावं बंद पाकिटात आहेत. बाया घरकाम करतात. क्षयाच्या यादीत नाव दिसलं, तर दारात तरी उभं करील का कोणी? म्हटलं, मी देते ती नावं घ्या. नदीला कोण कामावरून काढतंय?"

"गोष्ट छान आहे."

"गोष्ट नाही ती."

"मग एक तरी नदी दाखवा. चला."

प्रभाताई घुटमळल्या. "आज नको. आधी विचारते त्यांना."

ते 'आधी विचारते' विनयाला खटकलं. पढवायला वेळ हवा असणार. तिने गाडी मागवली.

गल्ली इतकी चिंचोळी, की एकीने श्वास सोडावा नि समोरचीने तोच घ्यावा. पत्र्याच्या दारात एक बाई मेथी निवडत बसली होती.

"ही वारणा," प्रभाताई खाली बघत म्हणाल्या.

बाईच्या कोपराच्या वळणात सुईची निळसर खूण होती. विनयाचा जीव भांड्यात पडला. ती काही बोलणार, तोच बाई तिला निरखू लागली.

"आप मयूर विहार में रहती हैं ना? बी ब्लॉक? मैं आपके ऊपर वालों के बर्तन करती हूँ."

"मैं किसी को नहीं बताऊँगी," विनया घाईने म्हणाली.

"दीदी ने भी यही कहा था." बाईने प्रभाताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. मेथी पदरात गोळा करून ती उठली. "मेरा नाम काट दीजिए. खून भी फेंक दीजिए."

आतून कडी लागली. मग गल्लीतली आणखी दोन दारं लागली.

विनयाने वारणेवर रेघ मारली. "बाकीच्या राहतील ना, प्रभाताई?"

"मला काय विचारता, मॅडम. माझा शब्द होता तोवर होत्या."