सदतीस मतांचा माणूस

विठ्ठलच्या डोळ्यांवर ओली फडकी बांधायला लागून एकवीस दिवस झाले होते, तेव्हा आयर्लंडचे पाहुणे आमच्या कोल्ड स्टोरेजला आले. १९९६ चा एप्रिल. बहारीनमध्ये दंगली चालू होत्या, सित्राच्या रस्त्यांवर टायर जळायचे आणि जागोजागी पोलिसांचे नाके होते. मी, प्रबुद्ध सोनटक्के, मूळचा बडनेऱ्याचा, तिथे रेफ्रिजरेशन टेक्निशियन होतो. बायको सरिता आणि चार वर्षांची रश्मी माझ्याच व्हिसावर मनामा शहरात राहत.

विठ्ठल संगमेश्वरकडचा, माल चढवणारा-उतरवणारा. तीन नंबरच्या खोलीत अमोनियाचा पाइप फुटला तेव्हा तो आत होता. अलार्म वाजला नाही. तो उगाच वाजतो, काम थांबतं, म्हणून मॅनेजरने त्याची वायर तोडायला सांगितली होती. ती मी तोडली होती. विठ्ठलचं रेसिडेन्सी कार्ड कंपनीने रिन्यू केलं नव्हतं. हॉस्पिटलात नेलं तर चौकशी होईल, म्हणून त्याला लेबर कॅम्पातच निजवून ठेवलं. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात.

आदल्या दिवशी मॅनेजरने मला बोलावून बजावलं, "सोनटक्के, जितना पूछें, उतना ही बोलना."

पाहुणे पाच होते. गोमांसाचा मोठा करार करायला आले होते. सही दुपारी चारला हॉटेलात व्हायची होती. चौघांनी थर्मामीटर पाहिले, फोटो काढले आणि मॅनेजरबरोबर जेवायला निघून गेले. पाचवा मात्र थंड खोल्या आतून बघायच्या म्हणून मागे राहिला. फिंटन मुल्हर्न, आयर्लंडच्या संसदेतला खासदार. पन्नाशीचा, जाड बोटांचा माणूस. तीन नंबरच्या खोलीत तो भिंतीपाशी गेला आणि त्याने अलार्मची तुटकी वायर चिमटीत धरली.

"ही किती दिवस अशी आहे?"

"दुरुस्ती चालू आहे, सर."

त्याने वायरचं कापलेलं टोक माझ्यापुढे धरलं. माझ्या पाठीवरून घाम ओघळला. ती खोली उणे अठराला होती.

त्याला हॉटेलवर सोडायचं काम माझ्याकडेच आलं.  गाडीत तो आपणहून बोलायला लागला. सतराव्या वर्षी तो गावच्या मांसाच्या कारखान्यात लागला. धाकटा भाऊ पंधराचा, तोही तिथेच. दर सकाळी अलार्म तपासला म्हणून रजिस्टरवर सही करायचं काम फिंटनचं. "एका सोमवारी मी न तपासताच सही केली," तो म्हणाला. "त्याच दिवशी गॅसचा पाइप फुटला, भाऊ आत होता. बाहेर काढला तेव्हा संपला होता. चौकशीत कंपनीने माझी सही दाखवली आणि मी मान खाली घालून उभा राहिलो."

त्यानंतर तो युनियनमध्ये गेला. दारोदार फिरला, जिल्हा कौन्सिलवर निवडून आला, संसदेच्या दोन निवडणुका हरला. तिसरी जिंकला सदतीस मतांनी, दोनदा मोजणी झाल्यावर. "आणि आज मी त्याच कारखान्याचं मांस विकायला आलोय. चारशे माणसांची कामं आहेत. हा करार झाला नाही, तर त्यातले निम्मे घरी बसतील."

मी गाडी बाजूला घेतली.  रश्मीची शाळा, आमचं भाड्याचं घर, सगळं माझ्या एका कार्डावर उभं होतं.

"सर," मी म्हणालो, "एक माणूस आहे. कॅम्पात."

"चला," तो म्हणाला.

कॅम्पच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. एकाने माझं कार्ड घेतलं, दुसऱ्याने डिकी उघडायला लावली. पुढच्या वळणावर काळा धूर दिसत होता. पोलीस माझं कार्ड घेऊन वायरलेसपाशी गेला. त्याने कंपनीला फोन लावला असता, तर सगळं तिथेच खलास होतं. फिंटनने आपला पासपोर्ट खिडकीतून पुढे केला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. दहा मिनिटांनी कार्ड परत मिळालं.

खोलीत सहा खाटा होत्या. विठ्ठल भिंतीकडच्या खाटेवर होता. त्याचा श्वास घरघरत होता.

"कोण आलंय?"

"आयर्लंडचे खासदार आलेत, विठ्ठल."

"त्यांना सांगा, मला गावी जायचंय."

फिंटन खाटेजवळ उकिडवा बसला. त्याने फडकं वर करून पाहिलं आणि परत नीट ठेवलं. मग मला इंग्रजीत विचारलं, "वायर कोणी तोडली?"

"मी."

"सांगितलं कोणी?"

मी मॅनेजरचं नाव सांगितलं. विठ्ठलला इंग्रजी कळत नव्हतं. त्याच्या तोंडावर हे बोलताना मला त्याच्या न कळण्याचाच आधार वाटला, याची आजही लाज वाटते.

हॉटेलात करार टेबलावर मांडलेला होता. फिंटन उभ्यानेच मॅनेजरला म्हणाला, "तुमचा एक माणूस कॅम्पात आंधळा होत पडलाय. तो हॉस्पिटलात पोहोचला आणि त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात पडला, की मी बसतो."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. शिष्टमंडळाच्या प्रमुखाने फिंटनला कोपऱ्यात नेलं. चढ्या आवाजात बरंच बोलणं झालं. फिंटन बाहेर येऊन लॉबीतल्या खुर्चीवर बसला. चार वाजले. साडेचार वाजले. मी खांबापाशी उभा होतो, कोणी मला बस म्हणालं नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरचा फोन वाजला. विठ्ठलला ॲम्ब्युलन्सने नेलं होतं आणि पासपोर्ट त्याच्या उशाशी ठेवला होता.

फिंटन आत जाऊन बसला. पण आमच्या कंपनीने सही केली नाही. विचार करून कळवतो म्हणाले. पुढे कळवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून लॉकरची चावी मागून घेतली आणि महिन्याभरात देश सोडायला सांगितलं. घरी येऊन मी दारातच बसलो.

"काहून बसले असे?" सरिताने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने रश्मीचे कपडे दोरीवरून काढले आणि घड्या घालायला लागली. "आधीच सांगाले पायजे होतं तुमी," ती म्हणाली. "एकवीस दिवस तो मानूस तसाच पडला."

विठ्ठलचा डावा डोळा गेला. उजवा थोडा वाचला. मे महिन्यात तो आपला पासपोर्ट घेऊन विमानात बसला आणि आमच्या आधी भारतात पोहोचला.

पुढच्या वर्षी फिंटनचं पत्र बडनेऱ्याच्या पत्त्यावर आलं. तो निवडणूक हरला होता. कारखान्यातल्या शंभरावर लोकांची कामं गेली होती आणि त्यांच्या घरांतून त्याला मतं पडली नव्हती. 'त्यांचा राग बरोबर आहे,' त्याने लिहिलं होतं. 'मी पुन्हा युनियनच्या कामाला लागलोय. विठ्ठलचा उजवा डोळा कसा आहे?'

मला ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या बर्फाच्या कारखान्यातून चार दिवसांची रजा काढली आणि संगमेश्वरला गेलो. विठ्ठल अंगणात सुंभ वळत बसला होता. चार हातांवर आल्यावर त्याने मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "विठ्ठल, ती अलार्मची वायर मी तोडली होती."

त्याने सुंभाला आणखी एक पीळ दिला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्ही शिडीवर होता. खाली शिडी मीच धरली होती."

मग त्याने घरात हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला.