घरच्या चार वेली

म्हाळसानं ओलं फडकं साहेबांच्या हातातून काढून घेतलं आणि गल्ल्यामागं टाकून दिलं.

"फळा पुसायचा न्हाय."

निमगाव केतकीत तिचं खताऔषधांचं दुकान उघडून चार वर्षं झाली होती. ज्याच्या रानात जो उपाय लागू पडला तो त्यानं सांगायचा, म्हाळसानं दारातल्या फळ्यावर लिहायचा आणि वाटेल त्यानं वाचायचा, असा रिवाज. दुकानापेक्षा तिला या फळ्याचाच अभिमान जास्त.

कृषी खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे औषध पानवेलीला? बाटलीवर पानवेलीचं नावच नाही, ताई. तुमच्या दारात लिहिलंय, म्हणजे शिफारस तुमची. परवाना जाईल."

"म्हस्कूतात्यांनी सांगितलं, मी लिवलं. त्यांचा मळा वाचला. शानपन सांगायला बी परवाना लागतो व्हय?"

"सांगायला नाही. विकणाऱ्यानं सांगायला लागतो."

यावर ती आणखीच तावातावानं भांडली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नोटीस लिहायला घेतली.

भांडण भांडणाच्या जागी आणि पाहुणचार पाहुणचाराच्या जागी. चहा झाल्यावर तिनं सवयीनं तबक पुढं सरकवलं. म्हस्कूतात्या सकाळीच करंडीतली ताजी पानं ठेवून गेले होते. साहेबांनी देठ खुडला, चुना लावला, पान तोंडाशी नेलं.

"थांबा!" म्हाळसानं त्यांचं मनगटच धरलं.

परवाच तात्यांनी त्याच औषधाची आणखी एक बाटली तिच्याकडून नेली होती. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि पान तबकात ठेवलं. म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्या थांब्यावर म्हस्कूतात्या पानांनी भरलेली करंडी विकायला न्यायला इंदापूरच्या एस्टीची वाट बघत होते. ती तरातरा रस्ता ओलांडून गेली.

"तात्या, ही पानं तुमी स्वतः खाता का?"

"ही? न्हाय बा." तात्या सहज बोलून गेले. "घरच्यासाठी चार वेली येगळ्या हायती. त्यांना मी औषिद मारत न्हाय."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"तू इचारलं कुठं?"

म्हाळसा उलट्या पावली दुकानात आली. मघाचं फडकं उचलून तिनं तिसरी ओळ स्वतः पुसली.

"नोटीस द्या, साहेब. खुलासा माझा मी करीन. पर फळा हितंच ऱ्हाईल."

मग तिनं सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. अक्षरओळख नसलेले तात्या करंडीसकट तिच्या मागोमाग येऊन दारात उभे होते.

"काय लिवलंस गं?"

तिनं मोठ्यानं वाचलं, "बाटलीवर पिकाचं नाव असेल आणि घरच्या चार वेलींनाही मारत असाल, तरच इथं सांगा."

तेवढ्यात एस्टी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तात्यांनी करंडीवर ओलं पोतं झाकलं, ती डोक्यावर घेतली आणि एस्टीत न चढता ते मळ्याच्या वाटेला लागले.