तीन सकाळींचा पाऊस

तीन आकडे एकमेकांना इतके चिकटून होते, की थोरलीला आधी हसूच आलं. ९४.६, ९५.०, ९४.४. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या तीन दिवसांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. पाऊस कधी असा शहाण्यासारखा समान वाटण्या करून पडतो होय? मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली आणि हसू तोंडातल्या तोंडात विरलं. सही बाबांची होती.

अणुवीज केंद्राच्या आसपासच्या हवामानाच्या जुन्या नोंदी दर दहा वर्षांनी पुन्हा तपासायच्या, हे थोरलीचं काम. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली धग कित्येक दिवस निवत नाही, तिच्यातून पाणी फिरवत राहावं लागतं. बाहेरची वीज गेली, तर त्या पाण्याचे पंप डिझेल जनरेटरवर चालतात. जनरेटरच्या खोल्यांत पुराचं पाणी शिरलं, की सगळा खेळ खलास. म्हणून त्या खोल्यांचा उंबरठा किती उंच हवा, हे एका दिवसात पडलेल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पावसावरून ठरवतात. जवळच्या पर्जन्यमापन केंद्रावर तो आकडा होता १७२. तिथल्या बहुतेक नोंदी बाबांच्याच हातच्या होत्या. बत्तीस वर्षं, रोज सकाळी साडेआठला, एकही खाडा नाही. त्याचं प्रशस्तिपत्र बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं, आणि ऑफिसात थोरलीला सगळे कौतुकाने 'पाऊसवाल्यांची पोर' म्हणायचे.

तिने शेजारच्या धरणावरची त्याच दिवसांची वही उघडली. ११, २०३, १६.

आता शंकेला जागाच उरली नाही. दोन सकाळी पर्जन्यमापकाची बाटली कुणी रिकामी केलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळं पाणी एकदम मोजलं, २८४ भरलं, आणि त्याचे तीन जवळजवळ सारखे भाग करून तीन रकान्यांत भरले. साचलेला पाऊस साचलेला म्हणूनच लिहायचा, शेजारी कारण द्यायचं, हे बाबा नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे. मधल्या दिवशी अडीचशेच्या आसपास पाऊस झाला असणार. तो मोठा पाऊस या तीन सोज्वळ आकड्यांच्या मागे सत्तावीस वर्षं लपून बसला होता.

आणि तारखा? त्या थोरलीला पाठ होत्या. तिसरी तारीख टिल्लूची होती.

टिल्लू म्हणजे तिची धाकटी बहीण. पाच वर्षांची. तापाने मेंदूत शिरकाव केला आणि दवाखान्यात तीन दिवसांत सगळं आटोपलं. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, मावशीकडे ठेवलेली. पुढे घरात एकच गोष्ट ऐकत ती मोठी झाली: पोर जात होती आणि हा माणूस बाटली मोजायला गेला होता. आई हे आरडाओरडा करून कधी म्हणाली नाही. भाजी निवडता निवडता म्हणायची, त्यामुळे जास्त लागायचं. बाबा मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

"पण मग बाबा केंद्रावर गेलेच नव्हते," थोरली पूरकाकांना म्हणाली. पूरकाका तिचे वरिष्ठ. पुराचे हिशेब करण्यात केस पिकले, म्हणून हे नाव.

त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"काका, हे तीन दिवस संशयास्पद म्हणून गाळले तर?"

"तर १७२ च राहतो. आणि अडीचशे पुन्हा आला, तर पाणी खोलीत."

"माहितीये मला."

"मग कशाला विचारतेस, बाळा?" त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. "तुला यातून बाजूला व्हावं लागेल. तुझ्या बाबांचा जबाब मी घेईन. त्यांना आधी काही सांगायचं नाहीस, समजलं? आणि एक ऐकून ठेव. एकदा भरलेला आकडा सापडला, की पुढची-मागची सगळी पानं दुय्यम धरतात. बत्तीस वर्षांची."

थोरलीने मान हलवली. तिला त्या प्रशस्तिपत्राची काळजी नव्हती. काळजी आईची होती. हा माणूस कामाला गेला होता, एवढ्या एका खुंटीवर आईने आपला सगळा राग टांगून ठेवला होता. ती खुंटी उपटली तर?

गुरुवारी सकाळी तिने आईला मावशीकडे धाडायचा घाट घातला. "तिचे गुडघे फार दुखतायत म्हणे."

"कालच फोनवर बोललो आम्ही. बाजारभर हिंडून आली होती," आई म्हणाली. "तुला मला घालवायचंय का? कोण येणारे?"

"ऑफिसातले काका. बाबांकडे जुन्या नोंदींचं थोडं काम आहे."

"मग मी काय त्यांना खाणारे? माझं घर आहे, मी बसणार."

आणि ती बसली. खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून, अगदी समोर.

पूरकाकांनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून कौतुक केलं, साखर तोडायला लावणाऱ्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. शेवटी पिशवीतून पानाची प्रत काढून बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती हातात घेतली नाही. लांबूनच ओळखली.

"वहिनी, आम्ही दोघं जरा बाहेर अंगणात बसतो," पूरकाका म्हणाले.

"नको," बाबा म्हणाले. "इथेच लिहा. दोनशे चौऱ्याऐंशी. तीन दिवसांचा मिळून. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोजला. बाटली भरून बाहेरच्या डब्यात सांडलं होतं, तेही धरलंय. आकडा पक्का आहे."

"आणि आधीचे दोन दिवस?"

"गेलो नाही."

आईने मान वर केली. "कुठे गेला नाहीत?"

"केंद्रावर."

"काहीतरीच काय बोलता! रोज सकाळी आठला वॉर्डातून निघायचात. मी बघितलंय ना."

"निघायचो," बाबा म्हणाले. "मागच्या जिन्यापर्यंत जायचो. तिथेच बसायचो. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं होतं, आता काही राहिलं नाही म्हणून. तिच्यासमोर तोंड हसरं ठेवायला जमेना. शेवटच्या सकाळी तर वर यायला पायच उचलले नाहीत."

थोरली दाराला टेकून उभी होती. तिला वाटलं, आई आता ओरडेल. निदान कप तरी फेकेल. आई अगदी हळू बोलली.

"मागचा जिना आमच्या खिडकीखालीच होता."

"हो."

"ती हाका मारत होती तुम्हाला."

"ऐकत होतो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

पूरकाकांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना कुठे बघावं ते कळेना.

"आणि मी तिला सांगत होते," आई म्हणाली, "बाबा कामाला गेलेत राणी, पाऊस मोजायला गेलेत, आत्ता येतील..."

"तेही ऐकलं," बाबा म्हणाले. "तेच ऐकत ती गेली. मग खाली आवाज येईनासा झाला. मी उठून केंद्रावर गेलो. वही उघडली. तू तिला शेवटचं सांगितलेलं खोटं कसं ठरू द्यायचं? म्हणून तिन्ही सकाळी मी तिथे होतो, असं लिहिलं."

थोरलीला पुढे जायचं होतं, पण आधी कुणाजवळ जावं हे ठरेना, आणि ती तशीच उभी राहिली.

आईने पदराने तोंड पुसलं आणि पूरकाकांकडे वळली. "या पानाने काय होणारे?"

"डिझेलच्या खोल्यांचा उंबरठा उंच करावा लागेल, वहिनी. दीड-दोन वीत."

"करा. तिथे लोकांची पोरं कामाला असतात."

बाबांनी जबाबावर सही केली. अक्षर नेहमीसारखंच रेखीव आलं. मग ते आईकडे न बघताच म्हणाले, "अगं..."

"आत्ता नको," आई म्हणाली. "सत्तावीस वर्षं मला बोलू दिलंत. रोज. एकदाही थांबवलं नाहीत. आता मी काय बोलू, ते तुम्हीच सांगा."

आई खुर्चीतून उठली नाही, बाबाही उठले नाहीत. पूरकाका कागद पिशवीत घालून हलकेच बाहेर पडले.